पन्नासावी रेकॉर्ड

सेहेचाळिसावी रेकॉर्ड उलटायला अण्णा खुर्चीतून उठले, आधाराला कपाट धरायला गेले आणि कपाट राहिलं एका बाजूला, हात गेला भलतीकडंच. धाडकन पडले. मी स्वयंपाकघरातून पळत आले तर हे जमिनीवर आडवे आणि एक बोट वर.

"आधी सुई उचल," म्हणाले. "रेकॉर्ड खराब होईल."

"अण्णा, कपाळातनं रक्त येतंय!"

"कपाळ माझं आहे. रेकॉर्ड कुलकर्ण्यांची आहे. उचल म्हणतो ना!"

मी सुई उचलली. त्या दिवसापर्यंत त्या सुईला हात लावायची घरात कुणाचीच छाती नव्हती. आईची सुद्धा नव्हती, आणि आई जाऊनही तेव्हा सहा वर्षं झाली होती.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली, सांगलीची. अण्णा म्हणजे माझे वडील, जिनदत्त मगदूम. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सांगलीच्या पेठेत ते दिसले की दुकानदार तराजूखालचं लोहचुंबक काढून खिशात टाकायचे म्हणे. गाणं हा त्यांचा दुसरा धर्म. मी एकुलती एक, बत्तीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मुद्दामच कळून घेतलं नव्हतं. एका घरात एवढं एक वेड पुरे होतं.

आदल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात पुण्याच्या कुणा समीक्षकानं एक यादी छापली होती: 'ऐकल्याशिवाय मरू नये अशा पन्नास ध्वनिमुद्रिका'. अण्णांनी ती सरकारी नोटिशीसारखी मनावर घेतली. रोज त्या समीक्षकाला शिव्या घालायचे. "याला काय कळतंय? तेविसावी ही कसली रेकॉर्ड म्हणायची!" पण ऐकायचे मात्र क्रमानं, एकापुढं एक. आधी ऐकलेली असली तरी पुन्हा. मधली गाळायची नाही, अर्धी ऐकायची नाही. कुणाकडून मागून आणायची, मऊ फडक्यानं पुसायची, ऐकायची आणि परत पोचवायची.

पडण्याचं निमित्त झालं म्हणून मी त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं कळलं की वर्षभर त्यांच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती. मला पत्ता नव्हता. डावा कान तर लहानपणीच गोवरात गेलेला.

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला सरळ. "कानाच्या नसेवर गाठ आहे," ते म्हणाले. "वाढत वाढत मेंदूपर्यंत गेलीय. काढावी लागेल. येत्या सोमवारी दाखल व्हा."

"कानाचं काय?" अण्णांनी विचारलं.

"कान जाईल, काका. पूर्ण."

"दुसरा आधीच गेलाय."

"माहीत आहे मला. पण गाठ ठेवली तर जीव जाईल. आज तोल गेला, उद्या घास गिळता येणार नाही, मग श्वास अडकेल. मी महिन्यांबद्दल बोलत नाहीये, दिवसांबद्दल बोलतोय."

अण्णांनी खिशातनं घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला. डॉक्टरांना वाटलं, औषधांची यादी असेल. त्यांनी चष्मा लावला.

"चार राहिल्यात," अण्णा म्हणाले. "त्या झाल्या की लगेच येतो."

परतीच्या एसटीत सातारा मागं पडला. मग माझा तोल सुटला. "गाण्यासाठी मरणार का तुम्ही?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! मला कुणी आहे का दुसरं? चार रेकॉर्डी महत्त्वाच्या, आणि मी कोण?"

"एकदा कान गेला की गेला, शैला. मला सगळं बरोबर घेऊन जायचंय. काम अर्धवट सोडून मी कधी सही केलेली नाही. पन्नास म्हणजे पन्नास."

"आणि पन्नासावी मिळालीच नाही तर?"

"मिळेल की," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी शाळेत रजा टाकली आणि रेकॉर्डींमागं धावत सुटले. सत्तेचाळिसावी सांगलीतच, विश्रामबागेत मिळाली. अठ्ठेचाळिसावीसाठी कोल्हापूरला जाऊन आले. एकोणपन्नासावी एका निवृत्त मामलेदारांनी दिली, तीही "उद्या सकाळी आठला परत पाहिजे" या बोलीवर. गुरुवारी अण्णांना पाणी पिताना ठसका लागला आणि तो थांबेचना. शुक्रवारी उजवा गाल बधिर झाल्यासारखा वाटतोय म्हणाले. एकोणपन्नासावी त्यांनी कान भोंग्याजवळ नेऊन ऐकली, कारण लांबून आता नीट ऐकूच येत नव्हतं. म्हणजे इकडून कान चाललाय, तिकडून जीव चाललाय, आणि मध्ये हा हट्टी माणूस मांडी घालून बसलाय.

पन्नासावी मात्र कुणाकडंच नव्हती. तुळसाबाई शिरोळकर या गाणारणीची तोडी रागातली चीज, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची रेकॉर्ड. फक्त एका बाजूला गाणं, पाठ कोरी. अण्णांच्या सांगण्यावरून मी जानेवारीतच अकरा ठिकाणी पत्रं टाकली होती. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची.

शनिवारी सकाळी मी मिरजेला हसनसाहेब मुजावरांकडं गेले. हे अण्णांचे जुने स्नेही. चावीचे ग्रामोफोन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी त्यांना चाचा म्हणायची.

"हाय की माझ्याकडं तुळसाबाईची तोडी," चाचा म्हणाले. "पण बघून रडशील, बेटी."

त्यांनी ट्रंकेतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली रेकॉर्ड काढली. तिचा एक मोठा टवका उडालेला होता, जवळजवळ पाव रेकॉर्ड नाहीशीच. मधलं लेबल मात्र शाबूत. लाल कागद, वर सोनेरी अक्षरांत नाव.

मी किती वेळ त्या लेबलाकडं बघत होते कुणास ठाऊक. मग विचारलं, "चाचा, लेबल निघतं का?"

चाचांना कळायला वेळ लागला नाही. ते स्टुलावर बसले. "शैला, तुझ्या बापानं सारी उमर बाजारातली खोटी मापं पकडली. आणि तूच त्याला खोटं माप देणार?"

"देणार. ते जगले तर पकडतील मला. पकडू देत."

चाचांनी दाढी खाजवली. मग उठले, आणि ट्रंकेच्या तळातनं दुसरी रेकॉर्ड काढली. "ही बनूबाई कागवाडकर. तुळसाबाईचीच शागीर्द. तीच तोडी, तीच चीज, गळाबी तिच्यावरच गेलेला. चांगला कान असता तर जिनदत्तानं दोन सेकंदांत ओळखलं असतं. आता..." ते थांबले. "आता बहुतेक फसंल. पण एक खोट हाय. शेवटाला ती नाव घेते."

"म्हणजे?"

"त्या वेळची रीतच होती. रेकॉर्डी परदेशातल्या कारखान्यात दाबून यायच्या. कुठली कुणाची हे तिथल्या गोऱ्यांना कळायला नको? म्हणून गाणं संपलं की गाणारी आपलं नाव सांगायची." त्यांनी चावी दिली, सुई ठेवली. बारीक, खरखरता आवाज सुरू झाला. शेवटी एक तान गरगरत खाली आली, एक श्वास ऐकू आला आणि मग शाळेतल्या मुलीनं हजेरी द्यावी तसं ती बाई म्हणाली, "बनूबाई कागवाडकर!"

"तान खाली उतरली की त्या श्वासात सुई उचलायची," चाचा म्हणाले. "जमंल?"

त्यांनी ती रेकॉर्ड मला चारदा ऐकवली. मला काही तान उतरलेली कळेना. कुठली शेवटची आणि कुठली मधली, सगळ्या सारख्याच. शेवटी मी माझ्या पद्धतीनं गेले. मनगटावरचं घड्याळ लावलं. सुई टेकल्यापासून नावाआधीच्या श्वासापर्यंत दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेवढेच. मला हायसं वाटलं. गणित कधी दगा देत नाही.

लेबल दिवसभर ओल्या फडक्याखाली ठेवलं. संध्याकाळी ते चाचांनी पातळ सुरीनं सोडवलं आणि खळ लावून बनूबाईच्या रेकॉर्डवर बसवलं. निरोप घेताना म्हणाले, "अल्ला मला माफ करो. आणि तुलाबी."

रविवारी सकाळी मी अण्णांना सांगितलं, मिळाली. ते अंथरुणावरनं उठून बसले. उठताना दोनदा भिंत धरली.

"कुणाकडं मिळाली?"

"चाचांनी मिळवून दिली."

त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली. लेबलावरनं बोट फिरवलं. नाव वाचलं, कंपनीचा नंबर वाचला. खळ नीट वाळली असेल का? कड सुटली तर? अण्णांनी ती उजेडात तिरपी धरली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली.

"लाव."

जुना चावीचा ग्रामोफोन मीच पुसून ठेवला होता. मी चावी दिली, नवी सुई बसवली. अण्णांनी पाट ओढला आणि उजवा कान भोंग्यात घातला, अगदी डोकं आत जाईल इतका. मी सुई टेकवली आणि घड्याळाकडं बघितलं.

बनूबाई गायला लागली. मी मात्र काटा बघत होते. तीस सेकंद. पंचेचाळीस. अण्णांचे डोळे मिटलेले. एक मिनिट. त्यांच्या कपाळावरची टाक्यांची पट्टी भोंग्याच्या कडेला घासत होती. दीड मिनिट. त्यांचा हात मांडीवर हलायला लागला, मग थांबला. का थांबला? ओळखलं? दोन मिनिटं. मी एक पाऊल पुढं सरकले. दोन मिनिटं तीस. मी हात सुईच्या दांड्यापाशी नेला. पंचेचाळीस. आता सहा सेकंद. सहा सेकंदांनी उचलायची, सोमवारी पुणे, मंगळवारी ऑपरेशन, आणि बाप जिवंत...

"बनूबाई कागवाडकर!"

माझा हात दांड्याच्या वर तसाच लटकत राहिला.

नंतर माझ्या डोक्यात उजेड पडला. चाचांचा ग्रामोफोन म्हातारा, त्याची स्प्रिंग सैल झालेली, तो सावकाश फिरायचा. आमचा अण्णांनी स्वतः लावलेला. मिनिटाला जेवढे फेरे हवेत तेवढेच घेणारा. वजनमापे निरीक्षकाच्या घरचं यंत्र ते! मी कानानं ऐकत असते तर तान उतरलेली कळली असती. मी घड्याळ बघत बसले.

सुई शेवटच्या रेघेत खरखरत होती. अण्णा हलले नाहीत. आता हे डोकं बाहेर काढतील, माझ्याकडं बघतील, आणि पुण्याला जाणं संपलं. दुसरी पन्नासावी कुठून आणणार होते मी?

त्यांनी डोकं बाहेर काढलं. डोळे ओले होते.

"झालं," म्हणाले. "पन्नास झाल्या. बॅग भर."

त्यांना नाव ऐकू आलंच नव्हतं! गाठीनं माझी लाज राखली होती. आपल्या बापाला ऐकू आलं नाही याचा मला आनंद झाला. आज या गोष्टीला चाळीस वर्षं झाली तरी हे लिहिताना खाली बघावंसं वाटतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

मंगळवारी ऑपरेशन नऊ तास चाललं. दुसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले. उजवा गाल ओघळलेला, डोक्याला पांढरा फेटा. मी त्यांना हाका मारत होते, नर्स बोलत होती, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत होता. अण्णांनी सगळ्यांच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं आणि मला विचारलं, "कुणी काही बोलतंय का?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सांगलीला परत आल्यावर घर इतकं गप्प झालं की मला झोप लागेना. आम्ही वहीवर बोलायचो. मी लिहायची, ते बोलायचे, तेही मोठमोठ्यानं. रेकॉर्डींचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं की मला वाटायचं, आता सांगावं. शेवटचं म्हणून जे ऐकलंत ते खोटं होतं, तुमच्या मुलीनं तुम्हाला फसवलं, हे वहीत लिहून ठेवावं आणि घरातून निघून जावं. पेन हातात घ्यायची आणि लिहायची, 'वरण गरम करू का?'

पाच आठवड्यांनी एका दुपारी शाळेतून आले तर दारात लाकडी खोक्याच्या फळ्या पडलेल्या, आणि अण्णा टेबलापाशी बसलेले. टेबलावर गवत, गवतात एक काळी रेकॉर्ड. लाल लेबल, सोनेरी अक्षरं. शेजारी हुबळीहून माझ्या पत्राला आलेलं उत्तर: वडिलांच्या सामानात ही सापडली, आपलं पत्र फार उशिरा हाती आलं, ऐकून सवडीनं परत पाठवावी.

मी वही ओढली आणि एका दमात लिहिलं, 'अण्णा, ती रेकॉर्ड तुळसाबाईंची नव्हती. लेबल मी चिकटवलं होतं. मला क्षमा करा.'

त्यांनी वाचलं. चष्मा काढला.

"बनूबाई कागवाडकर," म्हणाले. "नाव स्वच्छ ऐकू आलं होतं मला. त्याच्या आधीच कळलं होतं म्हणा. तुळसाबाई त्या जागी एवढी घाई करायची नाही. पण पोरगी बरी गायली."

मला इतका संताप आला की पेनानं कागद फाटला. 'मग बोलला का नाहीत? पाच आठवडे मी तीळ तीळ मरतेय!'

"तू तरी कुठं बोललीस?"

'पन्नास म्हणजे पन्नास म्हणत होतात ना?'

अण्णा गवताची एक काडी बोटाला गुंडाळत राहिले. ओठाची उजवी बाजू हलत नसल्यानं त्यांचं बोलणं अर्धवट यायचं, आणि आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळायचं नाही. "मी घाबरलो होतो गं, शैले," ते ओरडून म्हणाले. "यादी कसली आणि काय कसली! ती संपली की डोकं फोडून घ्यायला जायचं. पन्नासावी मिळत नव्हती तोवर मी सुखात होतो. खरी मिळाली असती ना, तर मी म्हणालो असतो, सेहेचाळिसावी पडण्यात अर्धीच ऐकली, ती पुन्हा आण. मला माझी लाज वाटत होती. आणि तू त्या यंत्रापाशी उभी. लेबल चिकटवून आलेली. हात दांड्यावर तसाच लटकलेला. मी म्हटलं, ही एवढं धाडस करतेय आणि मी खाटेला चिकटून बसलोय. म्हणून म्हटलं, झालं."

आम्ही दोघंही रडलो. मी आवाज न करता, ते मोठ्यानं.

मग त्यांनी नाक पुसलं आणि रेकॉर्ड माझ्यापुढं सरकवली. "पण ही राहिली ती राहिलीच. लाव. आणि सांग मला."

मी लिहिलं, 'मला काय कळतंय त्यातलं?'

"लाव म्हणतो ना!"

मी ग्रामोफोन टेबलावर आणला. चावी दिली. तुळसाबाई गायला लागली. मी वहीत लिहिलं, 'छान आहे.'

"छान म्हणजे काय? किती छान? तोळा, मासा, काही माप आहे का? पुन्हा लाव."

पुन्हा लावली. 'हळूहळू वर जाते,' मी लिहिलं. "कुठवर जाते? आणि गेली की थांबते की लगेच परतते?" पुन्हा लावली. 'थांबते. मग घसरत खाली येते.' "घसरत, की एकेक पायरी उतरत?" आता घड्याळाचा काही उपयोग नव्हता. डोळे मिटून ऐकावंच लागत होतं. पाचव्यांदा मला कळलं की ती एका शब्दावर पुन्हा पुन्हा परत येतेय. सातव्यांदा कळलं की येण्याआधी ती जरा वाट बघायला लावते. नवव्यांदा तिनं मला वाट बघायला लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. तो काटा वहीत कसा लिहायचा? मी पेन खाली ठेवलं.

अकराव्यांदा मी अण्णांचा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला, तळवा वर करून. सुई टेकवली आणि त्यांच्या हातावर बोट टेकवलं. ती वर गेली की कोपराकडं, खाली आली की मनगटाकडं. ती रेंगाळली तिथं मी रेंगाळले. ती घाई करेना, मीही केली नाही. अण्णांचे डोळे मिटले. एकदा तिनं त्या शब्दाकडं यायला फार उशीर लावला, बोट पार कोपरापर्यंत गेलं, मग गरगरत खाली, खाली, आणि मनगटाच्या शिरेवर ती नेमकी येऊन टेकली.

"वा!" अण्णा म्हणाले. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.